वाडग्याभोवतीचं ओलं

"उचलताना मागच्या पायांखाली हात घ्यायचा. तिला लटकलेलं आवडत नाही," आठल्ये आजोबा म्हणाले. मग जरा थांबून, "कोणाला आवडतं म्हणा."

मी वहीत लिहून घेतलं. मागच्या पायांखाली हात.

वाईतल्या त्यांच्या दोन खोल्यांमध्ये आता फक्त दोन खुर्च्या आणि बांधलेली खोकी उरली होती. एका खुर्चीवर मी होते. माझा नवरा अभय उभा होता, आणि आमची चार वर्षांची ऋजू त्याच्या खांद्यावर बसून, त्याचे केस दोन्ही मुठींत धरून, खाली बघत होती. भिंतीवर चित्रं काढून घेतल्याच्या चौकोनी खुणा होत्या. आजोबांनी गावातल्या शाळेत बत्तीस वर्षं चित्रकला शिकवली होती. आता त्यांची मुलगी वसुधाताई त्यांना कायमचं बेळगावला नेणार होती. रविवारी गाडी निघणार. वसुधाताईंच्या मुलाला दमा होता, त्यामुळे आजोबांसाठी तिथे जागा होती, बत्ताशीसाठी नव्हती.

बत्ताशी म्हणजे त्यांची अकरा वर्षांची पामेरियन कुत्री. पांढरी, कानांपाशी पिवळटलेली, डोळ्यांवर निळसर साय धरलेली. आम्ही आल्यावर ती एकदा उठली, माझ्या चपलेचा वास घेतला, आणि पुन्हा आपल्या गोधडीच्या तुकड्यावर जाऊन बसली. भुंकली नाही. मी घड्याळ लावून बघत होते. अठरा मिनिटांत एकदाही नाही.

"जेवण?" मी विचारलं.

"दहीभात. कधी मऊ खिचडी. सकाळी दहाला आणि संध्याकाळी सहाला. कांदा, लसूण, द्राक्षं नाही. हृदयाची अर्धी गोळी, भातात कालवून."

"गोळीचं नाव?"

वसुधाताईंनी आतून गोळ्यांची पट्टी आणून दिली. मी नाव, ताकद, संपायची तारीख उतरवून घेऊ लागले. तेवढ्यात सहा वाजले असावेत, कारण आजोबांनी तिचा अॅल्युमिनियमचा वाडगा समोर ठेवला. तांब्यात हात बुडवला, वाडग्यापाशी वाकले, आणि उठताना हात धोतराला पुसला. "हं. घे आता," ते म्हणाले. बत्ताशी खायला लागली. एक शीत खाली सांडू न देता खाल्लं तिनं सगळं.

"बघ ऋजू, कशी शहाण्यासारखी जेवते!" अभय वर बघून म्हणाला. टोमणा कोणाला होता ते ऋजूला बरोबर कळलं. तिनं त्याचे केस आणखी घट्ट ओढले.

मी लिहिलं : भूक उत्तम.

ती वही अजून माझ्याकडे आहे. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी. मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलं, लग्नाआधी दोन वर्षं एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. तिथे आम्हाला शिकवलं होतं, दिसलं की लिहायचं, मग विचार करायचा. ऋजू झाल्यावर नोकरी सुटली, ही सवय राहिली. ऋजूचा ताप, ऋजूचं वजन, ऋजूनं दिवसात किती चमचे वरण खाल्लं, सगळं त्या वहीत असायचं. सासूबाई कोरेगावहून आल्या की म्हणायच्या, "अगं, एवढं तर कलेक्टर कचेरीतही लिहीत नाहीत."

पण दिवाळीनंतरच्या त्या सकाळबद्दल मी काहीच लिहिलेलं नव्हतं.

साताऱ्यात आमच्या कॉलनीच्या फाटकाशी तीन-चार भटकी कुत्री कायम असायची. त्या दिवशी मी ऋजूला बालवाडीत सोडायला निघाले होते. तिच्या डब्यात तूप-पोळी होती. एक कुत्रं वास घेत पिशवीशी आलं, त्यानं पिशवीचा बंद धरला आणि ओढला. ऋजू बसकण मारून पडली. एवढंच झालं. बंद सुटला, कुत्रं डबा घेऊन गेलं, गुडघा नखाएवढा खरचटला.

पण मी ओरडले. कशी ओरडले ते मला नाही सांगता येणार. समोरच्या बंगल्यातला पेपर वाचणारा माणूस पेपर टाकून पळत आला. वॉचमन काठी घेऊन आला. ऋजू तोपर्यंत रडत नव्हती, ती त्या कुत्र्याकडे नवल वाटल्यासारखी बघत होती. माझ्या आवाजानं तिनं मान वळवली, माझं तोंड बघितलं, आणि मग ती जी रडायला लागली ती दुपारपर्यंत.

त्यानंतर घराबाहेर तिनं जमिनीला पाय लावला नाही. कडेवर घ्या, खांद्यावर घ्या, नाहीतर मी येत नाही. बालवाडी सुटली. लांब कुठे भुंकलं की ती दिवाणावर चढून पाय पोटाशी घेऊन बसायची. मुलांच्या डॉक्टरांनी सांगितलं, जबरदस्ती नको, पण एखादं शांत कुत्रं रोज लांबून नजरेला पडलं तर बरं. पिल्लू नको, पिल्लू अंगावर उड्या मारतं. म्हातारं बघा.

म्हणून बत्ताशी.

घरी येताना गाडीत ती माझ्या मांडीवरच्या टोपलीत होती आणि ऋजू मागे अभयच्या बहिणीनं दिलेल्या खुर्चीत पाय वर घेऊन. अभय गाडी चालवत म्हणाला, "वृषाली, तू श्वास घेतेयस ना? टोपलीपेक्षा तूच जास्त थरथरतेयस."

"रस्ता खराब आहे," मी म्हणाले.

तो गुरुवार होता.

शुक्रवारी सकाळी बरोबर दहाला मी दहीभात कालवला, गोळी घातली, आणि वाडगा बैठकीच्या खोलीत दिवाणाच्या कोपऱ्याशी ठेवला. बत्ताशी आली. वाडग्यासमोर मागच्या पायांवर बसली. वाडग्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. खाल्लं नाही.

"खा," मी म्हणाले.

तिनं कान हलवले.

दिवाणावरून ऋजूचा आवाज आला. "ती खात नाहीये."

"खाईल हं. नवीन घर आहे ना."

अर्ध्या तासानं भात तसाच होता आणि बत्ताशीही तशीच बसली होती, देवळाबाहेर रांगेत बसल्यासारखी. संध्याकाळी मी ताजा भात केला. तसंच. वाडगा बदलला, स्टीलचा दिला. परत अॅल्युमिनियमचा दिला. पाणी ती प्यायची, तेवढाच आधार. मी वसुधाताईंना फोन केला. आजोबांना फोनवर ऐकू येत नसे, त्यामुळे त्याच मध्ये बोलायच्या. पलीकडून त्या मोठ्यानं ओरडत असलेल्या मला ऐकू आल्या, "अण्णा, ती जेवत नाही म्हणतायत!" मग परत फोनवर आल्या.

"अण्णा म्हणतात, ती आपली आपण खात नाही. तिला जेवायला बसवावं लागतं."

"म्हणजे भरवायचं का हातानं?"

"असेल बाई. मी लग्न होऊन गेल्यावर आणलीय त्यांनी तिला. आईचं आणि अण्णांचं काय काय असायचं तिच्याशी, मला नाही माहीत."

मी जमिनीवर मांडी घालून बसले, भाताचा लहानसा गोळा केला आणि तिच्या तोंडाशी नेला. कुत्र्याच्या तोंडाशी हात नेण्याची माझी ती आयुष्यातली पहिली वेळ. तिनं नाक लावलं, अगदी हळू मान बाजूला केली. ऋजू नको असताना करते तशी, पण ऋजूपेक्षा पुष्कळ अदबीनं.

"आई, तिला नकोय तसं," ऋजू म्हणाली.

"मग कसं हवंय?"

ऋजूच्या हातात तिची पाण्याची बाटली होती, नळी असलेली, दाबली की चिळकांडी उडणारी. ती नळी चावत बसली होती.

शनिवारी सकाळची माझी नोंद अशी आहे :

'१०.०५ – वाडगा ठेवला. १०.४० – वाडग्याच्या उजव्या बाजूला ओलं. लघवी? वास नाही. पुसलं. भात तसाच.'

आणि त्याखाली : '११.१५ – पुन्हा ओलं. त्याच बाजूला. पुसलं.'

"आता लघवीवरचा ताबाही गेला वाटतं," मी अभयला म्हणाले. तो कामावरून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला होता. आम्ही तिला टोपलीत घालून डॉक्टर मुजावर बाईंकडे नेलं. ऋजूला शेजारच्या काकूंकडे ठेवलं. बाईंनी तिचा ताप बघितला, पोट दाबून बघितलं, ओठ वर करून दात बघितले. मी वही उघडून सगळं वाचून दाखवलं, मिनिटांसकट.

"एवढं बारीक तर माझा कंपाउंडर पण सांगत नाही," त्या हसून म्हणाल्या.

"बाई, वही ठेवूनच घ्या," अभय म्हणाला, "पण मग पेशंट म्हणून हिलाच दाखल करून घ्याल."

"थांब रे तू. बाई, काय झालंय हिला?"

"ताप नाही. पोट मऊ आहे. तीन दात हलतायत, पण दहीभाताला दात कशाला लागतात? मला आजारी नाही वाटत. कशाची तरी वाट बघतेय." त्यांनी तिचे कान कुरवाळले. "पण वय आहे, हृदयाची गोळी चुकतेय. उद्या संध्याकाळपर्यंत काही पोटात गेलं नाही तर सलाईन लावावं लागेल. फार ताणू नका."

घरी येताना माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं. बैठकीच्या खोलीत, ऋजूच्या समोर, गोधडीवरचा हा पांढरा गोळा हलायचा थांबलाय. कुत्रं म्हणजे अंगावर येणारं हे तिच्या डोक्यातून निघेल म्हणून मी हिला आणलं, आणि आता कुत्रं म्हणजे मरणारं हे तिच्या डोक्यात बसणार. ते मग आयुष्यभर कोण काढणार?

दुपारी मी वसुधाताईंना फोन लावला. बैठकीच्या खोलीतच उभी होते, पाठ दिवाणाकडे.

"ताई, आम्हाला नाही जमणार. उद्या जाताना तिला घेऊन जाल का?"

"मी घेऊन तरी कुठे जाणार हो? कोल्हापूरजवळ एक आश्रम आहे प्राण्यांचा. तिथे विचारून ठेवलं होतं मी आधी. पन्नास-साठ कुत्री आहेत म्हणतात. अण्णांना सांगितलं नव्हतं."

"आई," मागून ऋजू म्हणाली, "ती थांबलीये."

"हो राजा, एक मिनिट. ताई, इथे ती काही खात नाहीये, उद्या काही झालं तर..."

"आई, अजून झालं नाहीये म्हणून ती थांबलीये."

"ऋजू, मी फोनवर आहे ना?"

"ठीक आहे," वसुधाताई म्हणाल्या. "उद्या दहाच्या सुमाराला येतो. अण्णांना काय सांगायचं ते मी बघते."

फोन ठेवून वळले तर वाडग्याच्या उजव्या बाजूला पुन्हा ओलं. बत्ताशी उठून उभी होती, कान टवकारलेले, एक पाय पुढे. माझ्याकडे बघून ती परत खाली बसली. मी फडकं आणलं आणि पुसलं. ऋजूनं बाटली उशीखाली सरकवली. ते मी बघितलं. मला वाटलं, पाणी पीत नाही म्हणून मी रागावेन असं तिला वाटलं असेल. वहीत ते लिहिलं नाही. लिहिण्यासारखं वाटलं नाही.

अभयला सांगितलं तेव्हा तो बाजारातून येऊन दारात चपला काढत होता. एक चप्पल हातातच राहिली.

"आश्रमात? या वयात?"

"मग काय करू? तू सांग."

"मी काय सांगणार. मी सकाळी जातो, संध्याकाळी येतो. तू बघतेयस." मग हळू आवाजात म्हणाला, "फक्त एक विचारू? तू तिला परत पाठवतेयस ती जेवत नाही म्हणून, का तुला भीती वाटते म्हणून?"

"दोन्ही," मी म्हणाले.

संध्याकाळी तो बत्ताशीजवळ जमिनीवर बसून तिचे केस विंचरत होता. ऋजू दिवाणाच्या काठावर पालथी पडून, हनुवटी हातांवर ठेवून बघत होती. दोन दिवसांपूर्वी ती भिंतीला टेकून बसायची. काठापर्यंत ती कधी आली, मला आठवत नव्हतं, आणि वहीतही नव्हतं.

रविवारी सकाळी मी पिशवी भरली. गोधडीचा तुकडा, कंगवा, गोळ्यांची पट्टी. रिकाम्या पोटी तिला एवढ्या लांब कसं पाठवायचं म्हणून शेवटचा दहीभात कालवला. साय घातली, चिमूटभर मीठ. वाडगा नेहमीच्या जागी ठेवला. बत्ताशी आली आणि त्याच्या पलीकडे बसली. तिचं अंग आता जरा खचल्यासारखं दिसत होतं, पण बसणं तेच, पुढचे पाय जुळवून.

साडेनऊ झाले होते. वसुधाताईंना कॉलनी सापडायची नाही म्हणून अभय हमरस्त्याशी जाऊन उभा राहिला होता. मी स्वयंपाकघरात गेले. आता पुन्हा ओलं होणार, आजोबांसमोर घाण नको, म्हणून फरशीचं फडकं फिनेलच्या पाण्यातून पिळून घेतलं. आणि तेवढ्यात दिवाण करकरला.

मी दारात आले.

ऋजूचे दोन्ही पाय फरशीवर होते.

गुरुवारपासून त्या खोलीत तिनं जमिनीला पाय लावला नव्हता. आंघोळीला, जेवायला, सगळीकडे मी तिला उचलून न्यायचे. आता ती एका हातानं दिवाणाची चादर घट्ट धरून उभी होती आणि दुसऱ्या हातात बाटली होती. तिनं बाटली दाबली. वाडग्याच्या उजव्या बाजूला पाण्याची बारीक रेघ पडली. तीच जागा. मी तीन वेळा पुसलेली.

बत्ताशीनं कान उभे केले.

ऋजूनं चादर सोडली.

ती वाडग्याच्या पुढून एक पाऊल सरकली. पाण्याची रेघही तिच्याबरोबर सरकली. मग डाव्या बाजूला आली. आता तिच्या आणि कुत्रीच्या तोंडामध्ये माझ्या वितीएवढं अंतर होतं. बत्ताशीचे ते साय धरलेले डोळे, ओठाखालून डोकावणारा एक दात, सगळं मला त्या दारातून लख्ख दिसत होतं, आणि माझ्या पोटातून तोच आवाज वर येत होता. फाटकाशी आलेला. छातीपर्यंत आला, गळ्यापर्यंत आला.

मी ओरडले नाही. काय केलं ते मला त्या वेळी कळलंही नाही.

बत्ताशी हलली नाही. मान वळवली नाही, वास घेतला नाही. फक्त शेपटीचं टोक फरशीवर एकदा इकडे, एकदा तिकडे झालं. ऋजू वाकली. वाडगा आणि तिचे जुळवलेले पाय यांच्यामधली जागा तेवढी कोरडी होती. ऋजूनं बाटलीची नळी तिथे नेली, तिचं मनगट त्या पांढऱ्या केसांना लागलं, आणि तिनं रेघ जिथून सुरू केली होती तिथे आणून जोडली.

मग सरळ उभी राहिली. बाटली काखेत धरली, दोन्ही हात जोडले, आणि जाड आवाज काढून म्हणाली, "हं. घे आता."

बत्ताशीनं खाली मान घातली आणि खायला सुरुवात केली.

चप चप चप. तीन दिवसांत त्या खोलीत न आलेला आवाज. ऋजू तिथेच उकिडवी बसली, गुडघ्यांवर हात ठेवून, आणि वाडग्यात बघत राहिली. वळून माझ्याकडे बघितलं तेव्हा तिचा चेहरा साधा होता, अगदी रोजचा.

"आई, तू फडकं का खातेयस?"

तेव्हा मला कळलं. फरशीचं फडकं मी दातांत घट्ट धरलं होतं. तोंडभर फिनेल. मी थुंकायला मोरीकडे धावले, चूळ भरली, पुन्हा भरली, आणि तिथेच नळ सोडून हसत राहिले. रडत होते की काय, नळ चालू होता त्यामुळे सांगता येणार नाही.

आठल्ये आजोबा आले तेव्हा वाडगा रिकामा झाला होता आणि बत्ताशी तो चाटून फरशीवर ढकलत होती. दारात काठी टेकून ते थांबले. वसुधाताईंनी त्यांना काय सांगून आणलं होतं देव जाणे, पण त्यांचे डोळे लाल होते. अभय त्यांच्या मागे उभा होता आणि दिवाणावर कोणी नाही हे बघून गोंधळला होता.

"जेवली?" आजोबांनी विचारलं.

"आत्ताच," मी जरा मोठ्यानं म्हणाले. "आजोबा, हिनं..." आणि मला पुढे सांगता येईना. काय झालं ते मी बघितलं होतं, समजलं नव्हतं.

आजोबा काठीवर भार देऊन हळूहळू वाकले. वाडग्याभोवतीची पाण्याची रेघ अजून ओली होती. त्यांनी ती बराच वेळ बघितली.

"पाणी कोणी फिरवलं?"

ऋजू दाराआड सरकली. "मी."

"तुला कोणी शिकवलं?"

"तुम्ही केलं होतं ना. बाबांच्या खांद्यावरून दिसलं मला." ती एक पाऊल बाहेर आली. "मी वरून करत होते. पण त्या बाजूला पोचत नव्हतं. आणि आई सारखं पुसत होती."

अभयनं माझ्याकडे बघितलं. मी वहीकडे बघितलं.

"अण्णा, म्हणजे काय?" वसुधाताई म्हणाल्या.

"अगं, मी जेवायला बसताना ताटाभोवती पाणी फिरवतो, नमस्कार करतो, मग घास घेतो. हिचा वाडगा तुझी आई माझ्या ताटाशेजारीच ठेवायची. ही पिल्लू असताना माझं पाणी फिरवून होईपर्यंत थांबायला शिकली. मग एक दिवस तुझी आई म्हणाली, तिनं काय पाप केलंय, तिच्याही वाडग्याभोवती फिरवा की. तेव्हापासून फिरवतो. त्याशिवाय नाही ही तोंड लावत."

"मग हे सांगायचं नाही का या लोकांना? ही माणसं तीन दिवस..."

"सांगितलं की. जेवायला बसवा म्हणून सांगितलं."

"अण्णा!"

"आता जेवायला बसवणं म्हणजे काय, हेही सांगायचं?" ते खरोखरच गोंधळले होते. मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुमच्यात नाही फिरवत पाणी?"

"आमच्यात ताटाला नमस्कार करतात," मी म्हणाले. "पाणी नाही फिरवत."

"अस्सं." त्यांनी मान हलवली. जणू कोरेगावच्या लोकांबद्दल एक नवीन माहिती मिळाली. मग ते ऋजूकडे वळले आणि त्यांचा आवाज एकदम वर्गातला झाला. "इकडे ये बघू. हा तुझा गोल. इथे बसका झालाय, इथे पोट सुटलंय. बत्तीस वर्षांत मी एवढा वाकडा गोल बघितला नाही."

ऋजूचा खालचा ओठ बाहेर आला.

"पण मिटलाय," आजोबा म्हणाले. "टोकं जुळलीयत. गुण त्याचे असतात. दहापैकी दहा."

बत्ताशी तोपर्यंत त्यांच्या पायांशी येऊन बसली होती. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, काढला नाही. वसुधाताईंनी दाराशी ठेवलेली माझी पिशवी बघितली, आतला गोधडीचा तुकडा बघितला, आणि माझ्याकडे बघितलं. मी पिशवीतून गोधडी काढली आणि दिवाणाच्या कोपऱ्याशी पुन्हा अंथरली.

"अगं, हिला घेऊन जायचं नाही का?" आजोबांनी मुलीला विचारलं. म्हणजे त्यांना थोडं तरी कळलेलं होतं.

उत्तर ऋजूनं दिलं. "नाही. तिला संध्याकाळी सहाला जेवायचंय."

चहा घेऊन ते निघाले. आजोबांना जिना उतरवायला अभयनं हात दिला. ऋजू त्यांच्या मागे फाटकापर्यंत गेली, चालत, एका हातात अभयचं बोट. फाटकाशी ती एकदा थांबली, इकडेतिकडे बघितलं, आणि दोन्ही हात वर केले, उचल म्हणून. अभयनं उचललं. पण जिना उतरली होती ती स्वतःच्या पायांनी. मी बाल्कनीतून मोजत होते, एकोणीस पायऱ्या आणि पुढे फाटकापर्यंतचं अंगण.

आत आले. सवयीनं फडकं घेऊन वाडग्याशी वाकले. पाणी कडेनं वाळायला लागलं होतं. बत्ताशी गोधडीवर डोळे मिटून पडली होती, पोट भरलेल्या माणसासारखी. मी फडकं परत मोरीवर टाकलं.

बत्ताशी त्यानंतर दोन वर्षं चार महिने आमच्याकडे होती. ऋजू आता सोळा वर्षांची आहे. मागच्या आठवड्यात माळा आवरताना तिला ती निळी वही सापडली आणि ती मोठमोठ्यानं वाचत माझ्यामागे घरभर फिरली. "'लघवी? वास नाही.' आई, अगं वास नाही हे तुलाच कळलं होतं की!"

शेवटची नोंद तिनं वाचली तेव्हा मात्र ती हसली नाही. पान उलटून बघितलं, पुढचंही उलटून बघितलं. सगळी कोरी होती.

'रविवार, ९.४५ – ओलं. चारही बाजूंनी. पुसलं नाही.'